डाव्या मागच्या दाराचा मानकरी

ज्या इसमास मोटारीच्या कारखान्यात चाकरी लागली असेल त्याने ती वार्ता, निदान कायम झाल्याचा हुकूम हाती पडेपर्यंत तरी, आपल्या वस्तीत फुटू देऊ नये, अशी माझी सर्व होतकरू तरुणांस कळकळीची विनंती आहे. माझ्या बाबतीत ही खबरदारी घेणे शक्यच नव्हते. अंबरनाथेस कानसईतल्या आमच्या चाळीत पोस्टमनने पाकीट दारात टाकल्यापासून ते ज्याच्या नावे आले त्याने फोडेपर्यंतच्या अवधीत आतला मजकूर निम्म्या बिऱ्हाडांना तोंडपाठ होत असे. आणि नेमणुकीच्या पत्रात ‘असेंब्ली विभागात हंगामी कामगार म्हणून’ असे जे स्वच्छ शब्द टंकलिखित होते, ते माझ्या दृष्टीस पडण्यापूर्वीच चाळीच्या तोंडी ‘मोटारी बनवायला’ असे होऊन बसले होते. एक मोटार नव्हे, मोटारी. शेजारच्या मावशींनी तर त्याच संध्याकाळी नळावर जाहीर केले की, पोर लहानपणापासून गाडीमागे धावत असे, तेव्हाच आम्ही ओळखले होते. मी ज्या गाडीमागे धावत असे ती रॉकेलवाल्याची हातगाडी होती, आणि धावण्याचे कारण यंत्रविद्येची आवड हे नसून घरातला रिकामा डबा हे होते.

हा सन १९७० च्या मागचापुढचा काळ. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात त्या वेळी मनुष्याची प्रतिष्ठा त्याच्या पगारावरून जितकी ठरे, तितकीच तो ज्या कारखान्यात जातो तिथल्या मालावरून ठरे. विम्कोत जाणाऱ्याच्या घरी आगपेटी विकत आणत नसणार असा सार्वत्रिक संशय असे. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये असलेल्या गृहस्थाकडे लग्नसराईत साड्यांच्या भावाची चौकशी होई. तो बिचारा दिवसभर आम्लाच्या टाकीपाशी उभा राहून येत असे आणि साडी या वस्तूशी त्याचा संबंध केवळ दिवाळीत, तोही उधारीचा, येत असे. परंतु या सर्वांहून ज्यांचा दरारा मोठा, ते म्हणजे आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले, आयुध निर्माणीत जाणारे काका. त्यांना कोणी विचारले, “काय काका, सध्या काय काम चाललंय?” तर ते प्रथम जिन्याकडे, मग गॅलरीच्या टोकाकडे पाहत आणि आवाज उतरवून म्हणत, “ते सांगता यायचं नाही.” या एका वाक्याच्या भांडवलावर त्यांनी सगळी हयात काढली. लढाईचे दिवस आले की चाळीतली माणसे वर्तमानपत्र आधी त्यांच्या हाती देत, आणि त्यांनी ते वाचून नुसता हुंकार दिला तरी आघाडीवर आपली सरशी आहे असे मानून झोपी जात.

मी रुजू होण्याच्या आदल्या रात्री या काकांनी मला बोलावून घेतले.

“एक सांगतो. तिथं नेमकं काय करतोस ते कोणाला सांगू नकोस.”

“का, काका? मोटारीत गुपित काय आहे?”

“सांगू नकोस म्हणजे सांगू नकोस.”

मला वाटले, म्हातारा देशभक्तीने बोलतो आहे. पुढे त्यांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभात भाषण करणाऱ्या एका सहकाऱ्याने भावनेच्या भरात सांगून टाकले की, खोक्यांना बिजागऱ्या बसवाव्या तर यांनीच. त्या एका वाक्याने सबंध चाळीचे परराष्ट्रीय धोरण कोसळले.

माझे शिक्षण फिटरचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि त्यातला फार मोठा भाग शेगड्यात लोखंडाचा तुकडा आवळून त्यावर कानस चालवण्यात जातो. कानस मारायची, गुण्या लावायचा, तुकडा उजेडाकडे धरायचा. पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा कानस. एका तुकड्यात चौकोनी खाच आणि दुसऱ्याला त्यात बसणारा चौकोनी दात, असा जोड शेवटी करून दाखवावा लागे, आणि तो असा बसला पाहिजे की हवासुद्धा जाता कामा नये. माझ्या जोडातून हवा, प्रकाश आणि एकदा तर परीक्षकांची पेन्सिल, अशी तिन्ही गेली. आमचे शिक्षक फार सज्जन गृहस्थ होते. “याला फेकू नकोस,” ते म्हणाले, “घरी न्हाणीघरात झरोका म्हणून बसव.” तरीही दाखला मिळाला, कारण माझ्यानंतरच्या विद्यार्थ्याचे दोन तुकडे एकमेकांजवळ आणलेच जात नव्हते.

त्या दाखल्याच्या बळावर मी मुलाखतीस गेलो. कारखान्याचे नाव घेत नाही. खाल्ल्या मिठाला तेवढे जागावे. टेबलामागे तीन साहेब होते. मधल्याने विचारले, “मोटार चालवता येते?”

“नाही, साहेब.”

“कधी दुरुस्त केली आहे?”

“नाही, साहेब.”

“बसला आहात?”

माझ्या मामांना दवाखान्यातून आणताना एका टॅक्सीत बसलो होतो, परंतु त्या वेळी मामांचे पाय माझ्या मांडीवर असल्यामुळे गाडीच्या रचनेकडे लक्ष देता आले नाही, हे मी प्रामाणिकपणे निवेदन केले. साहेबांच्या मुद्रेवर समाधान पसरले. डावीकडच्या साहेबांकडे वळून ते म्हणाले, “हा चालेल. याला काहीच येत नाही. म्हणजे हा लाइनवर डोकं चालवणार नाही.” माझ्या आधी जो इसम आत गेला होता त्याने गॅरेजात काम केले होते आणि इंजिन डोळे मिटून उघडता येते असे अभिमानाने सांगितले होते. त्याला ‘कळवू’ असे सांगण्यात आले.

पहिल्या दिवशी आम्हा नवागतांस एका खोलीत बसवून प्रशिक्षण अधिकाऱ्याने व्याख्यान दिले. ते व्याख्यान मला अजून आठवते, कारण नंतरच्या सबंध नोकरीत खुर्चीवर बसून काम करण्याचा प्रसंग तेवढाच. मोटारी जोडण्याचे काम मुंबईस नवे नाही, ते म्हणाले. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीस परदेशातून खोक्यांत येणाऱ्या सुट्या भागांच्या गाड्या जोडायला आरंभ केला होता. १९४४ साली वालचंद हिराचंदांनी मोटारींची स्वदेशी कंपनी काढली आणि स्वातंत्र्याच्या सालात कुर्ल्यास गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढे नुसती जोडणी नको, भागही इथेच घडवा, असा सरकारी आग्रह आला तेव्हा शिवडीच्या परकीयांनी १९५४ साली गाशा गुंडाळला. मग व्याख्यान अमेरिकेत गेले. हेन्री फोर्डने १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकता पट्टा सुरू केला आणि जी गाडी जोडायला आधी बारा तासांहून अधिक वेळ लागे ती ९३ मिनिटांत उभी राहू लागली.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “साहेब, जेवणाची सुट्टी धरून?”

अधिकारी ते ऐकले नाही असे दाखवून पुढे म्हणाले की, ही कल्पना फोर्डला शिकागोच्या खाटिकखान्यांवरून सुचली. तिथे टांगलेले जनावर पुढे पुढे सरकते आणि प्रत्येक माणूस त्याचा ठरलेला एकच भाग काढतो. फोर्डने तेच उलट केले, प्रत्येकाने एकच भाग घालायचा. यावर माझ्या शेजारी बसलेला बदलापूरचा एक माळकरी तरुण कमालीचा अस्वस्थ झाला. मधल्या सुट्टीपर्यंत त्याने गळ्यातल्या तुळशीच्या माळेवरचा हात काढला नाही. “घरी काय सांगू?” तो मला म्हणाला, “आपलं काम मूळचं खाटकाचं निघालं.” मी त्याची समजूत घातली की आपण उलट करणार आहोत, म्हणजे ते पुण्यच झाले. ती त्याला पटली. आणि पुढे कित्येक वर्षे तो प्रत्येक गाडीचे हॉर्न बसवताना तोंडाने विठ्ठलनाम घेत असे.

त्याला हॉर्न मिळाले. मला काय मिळाले ते सांगण्यास आता प्रत्यवाय नाही, कारण काका दिवंगत झाले आहेत. मला डाव्या बाजूच्या मागच्या दाराची काच खाली-वर करण्याचे हँडल मिळाले. चारी दारांची नव्हेत. पुढच्या डाव्याचा मनुष्य वेगळा होता आणि उजव्या बाजूची तर राष्ट्रेच वेगळी होती. मधून गाड्यांची रांग सरकत असल्यामुळे पलीकडच्यांशी आमचे दळणवळण केवळ खाणाखुणांचे. दार माझ्यापुढे येई तेव्हा त्याच्या आतल्या बाजूस रेक्झिनचे आवरण चढलेले असे आणि त्यातून दातेरी दांडीचे बोटभर टोक बाहेर आलेले असे. त्यावर आधी वॉशर, मग हँडल. हँडलच्या मानेत घोड्याच्या नालेच्या आकाराची एक स्प्रिंगची क्लिप आधीच बसवून ठेवायची, आणि तळहाताने असा नेमका दाब द्यायचा की ‘टक्’ असा आवाज होऊन ती खाचेत बसावी. ‘टक्’ झाले की काम संपले. पुढची गाडी.

हे वाचून ज्यांना हसू येत असेल त्यांनी ती क्लिप एकदा हाताळून पाहावी. ती वजनाला कस्पटासमान, परंतु स्वभावाने फार मानी असते. दाब अंगुळभर जरी वाकडा गेला तरी ती खाचेत बसण्याचे नाकारून उड्डाण करते, आणि तिच्या उड्डाणाची दिशा न्यूटनच्या कोणत्याही नियमात सापडत नाही. ती सीटखाली जाई, शेजाऱ्याच्या शर्टाच्या खिशात जाई. एकदा सुपरवायझरसाहेब जांभई देत असताना जिथे गेली तिथून ती काढण्यासाठी लाइन थांबवावी लागली. शिवाय कोनाचा प्रश्न होता. काच पूर्ण वर असताना हँडलचे तोंड ठरलेल्या दिशेला पाहिजे. दाते एकाने चुकले तर हँडल खाली मान घालून लटकते आणि तपासनीस खडूने दारावर फुली मारतो. सुपरवायझर म्हणत, “गिऱ्हाईक इंजिन बघत नाही. आत बसल्यावर त्याचा हात पहिला कुठे जातो? काचेच्या हँडलला. म्हणजे गाडीची अब्रू तुझ्या हातात आहे.” ते चारी दारांच्या माणसांना हेच सांगत, हे मला फार उशिरा कळले. तोवर मी गाडीची अब्रू सांभाळत होतो.

मनुष्याला एकच वस्तू रोज करायला दिली की त्याला जग त्याच वस्तूचे दिसू लागते. रस्त्याने गाडी गेली तर माझी दृष्टी डाव्या मागच्या दाराकडे जाई. ‘मॉडर्न टाइम्स’ हा चॅप्लिनचा १९३६ सालचा चित्रपट लागला तेव्हा थिएटरभर लोक पोट धरधरून हसत होते. नट आवळता आवळता तो वेडा होतो त्या प्रसंगी मी एकटाच शेजाऱ्याला समजावून सांगत होतो की, दोन्ही हातांत एकेक पाना धरणे नियमबाह्य आहे, आमच्याकडे असे केले असते तर मेमो मिळाला असता.

कारखान्यात पोचण्याआधी रोज दुसऱ्या एका कारखान्यातून जावे लागे, तो म्हणजे लोकल. पहिल्या पाळीस अंधारातच निघायचे. आमच्याकडचे जाणते लोक मुंबईकडे जाण्यासाठी प्रथम उलट दिशेने बदलापुरास जात आणि तिथे सुटणाऱ्या गाडीत जागा धरून परत अंबरनाथेस येत. याला ‘डाउन करून येणे’ म्हणतात, आणि दिल्लीस जाण्यासाठी आधी रामेश्वर गाठावे तसा हा मार्ग असला तरी बसायला मिळते. मी डाउन करून येई तेव्हा सगळी जोडणी प्रारंभापासून पाहायला सापडे. बदलापुरास रिकामा सांगाडा, अंबरनाथेस त्याला खांदे बसवले जात, उल्हासनगरास कोपरे, विठ्ठलवाडीस जेवणाचे डबे आणि छत्र्या, आणि कल्याणास, कोणतीही जागा शिल्लक नसताना, उरलेला सर्व माल एकदम ठोकून बसवत. तिघांच्या बाकावर चौथा मनुष्य एका नितंबाने टेकवण्याचे काम इतके अचूक होई की आमच्या लाइनवरच्या कोणाची छाती झाली नसती. फरक एवढाच की आमच्याकडे शेवटी तपासनीस असे. इथे तपासनिसाला आत शिरायलाच फट नव्हती.

परंतु खरा छळ घरी परतल्यावर सुरू होई. मोटारी बनवणाऱ्या मनुष्यास जगातले प्रत्येक फिरणारे, वाजणारे व गळणारे यंत्र समजते, असा चाळीचा दृढ विश्वास होता. मी पायरीवर चपला काढतो न काढतो तोच कोणीतरी शिलाईचे मशीन घेऊन उभे. “जरा बघतोस? दोरा तुटतो.” मी म्हणे, “मला यातलं कळत नाही.” त्यावर समोरचा हसे, थोर माणसे विनयशील असतात हे त्याने ऐकलेले असे. भिंतीवरचे घड्याळ, रेडिओ, सायकलचा डायनामो, स्टोव्हचा पंप, घरमालकांच्या दमेकरी वडिलांची आरामखुर्ची, सर्व माझ्यापुढून सरकत गेले. मी प्रत्येक वस्तूपुढे गंभीर मुद्रेने उकिडवा बसे, तिचे एखादे बटण दाबे, आणि म्हणे, “याचा पार्ट मिळत नाही हल्ली.” हे वाक्य मला कोणी शिकवले नव्हते. काकांच्या ‘सांगता यायचं नाही’ या वाक्याचे ते यंत्रविद्येतले रूपांतर होते, आणि त्याने माझी कीर्ती वाढतच गेली.

दुसरा वर्ग वशिल्याचा. त्या काळी देशात गाड्या तीनच घरच्या, ॲम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड. विक्रीवर १९५९ पासून सरकारी नियंत्रणाचा हुकूम. नाव नोंदवून गिऱ्हाईक वर्षानुवर्षे वाट पाही, आणि नशिबाने गाडी मिळालीच तर ती जुनी म्हणून नव्यापेक्षा अधिक किमतीस विकली जाई, हा चमत्कार अर्थशास्त्रज्ञांनाही पुरतेपणी उमगलेला नव्हता. अशा वेळी कारखान्यात ‘आपला माणूस’ असणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. ज्यांच्याकडे सायकलची नळी बदलायला पैसे नसत असेही लोक केवळ तत्त्वाकरिता माझ्याकडे शब्द टाकून ठेवत. “आत्ता घ्यायची नाहीये, पण पुढेमागे घेतलीच तर आपला नंबर जरा वर घ्यायचा.” आमचे घरमालक अधिक व्यवहारी. ते म्हणाले, “अख्खी नको. तुम्ही तिथं रोज इतके पार्ट हाताळता. महिन्याला एकेक आणलात तर...” आणि पुढचे वाक्य त्यांनी भाड्याच्या थकबाकीकडे दृष्टी टाकून अर्धे सोडले. मी हिशेब केला. माझ्या हाताखालून जाणाऱ्या मालातून त्यांची गाडी झाली असती, तर ती केवळ डाव्या मागच्या हँडलांची झाली असती.

या सर्व मानमरातबाला पहिला तडा उल्हासनगरात गेला. हे शहर मूळचे लष्करी छावणीचे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे त्या बराकींत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे नामकरण झाले. वस्त्यांना मात्र अजून कॅम्प नंबर एक, दोन असे पाचापर्यंत आकडेच आहेत. हात रिकामे घेऊन आलेल्या या लोकांनी काय बनवले नाही हे सांगणे सोपे. त्यांच्या मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ लिहिलेले असते आणि ते खरेच असते, कारण त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तेव्हाही जुना झालेला होता. कॅम्प नंबर पाचमध्ये मोटारीच्या सुट्या भागांचे एक दुकान होते, आणि तिथल्या शेटजींना माझ्याविषयी कोणीतरी सांगितले होते. त्यांनी मला बसायला स्टूल दिले, चहा मागवला, आणि गल्ल्यावर दोन हँडले ठेवली.

“साईं, आप तो कंपनी के आदमी हो. बताओ, इस में ओरिजिनल कौनसा?”

हा माझा प्रांत होता. इतकी वर्षे शिलाईची मशीने आणि आरामखुर्च्या सोसल्यानंतर प्रथमच कोणी मला माझ्या विषयातला प्रश्न विचारीत होते. मी दोन्ही हँडले तळहातावर तोलली. दाते नखाने मोजले. एकाची चकाकी पाहिली, दुसऱ्याच्या मुठीची फिरकी ऐकली. एक किंचित सैल होते, दुसरे घोटीव. मी घोटीव हँडल उचलून, न्यायाधीशाने निकालपत्रावर सही करावी तशा धीम्या हाताने पुढे ठेवले.

शेटजींनी ते उचलून आदराने कपाळाला लावले. मग मागच्या पडद्याकडे वळून हाक मारली, “ए, चाय और एक! माल पास हो गया.” पडद्यामागून हातोडीचा आवाज क्षणभर थांबला आणि दुप्पट उत्साहाने पुन्हा सुरू झाला. निघताना त्यांनी मला हळूच विचारले, “साईं, नोकरी पक्की है ना?” पक्की नव्हती. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की हंगामी मनुष्याला कायम करावे लागते असे स्थायी आदेशांत लिहिलेले असते, आणि म्हणूनच ते दिवस भरत येण्याच्या सुमारास त्याला विश्रांतीची नितांत गरज आहे हे कारखानदारांच्या ध्यानात येते. शेटजी म्हणाले, “तकलीफ हो तो इधर आ जाना. हँडल तो वही है.”

परंतु कीर्ती ही एकदा अंगाला चिकटली की पुराव्याने सुटत नाही. घरमालकांच्या कन्येचे लग्न वैशाखात निघाले. कार्य बदलापुरास कुळगावात, आणि नवरदेवाला मिरवत न्यायला उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याची मोटार मागून आणलेली. भर बारा वाजता, अंबरनाथ मागे टाकून बदलापूर अजून दिसत नाही अशा ठिकाणी, ती गाडी थांबली. सावलीला झाड नाही. मागे दोन टांगे आणि वऱ्हाडाचा ट्रक. मुहूर्त पुढे सरकतो आहे. ड्रायव्हरने बॉनेट उघडून पाहिले आणि सांगितले, “काही नाही. उन्हानं पेट्रोल पंप तापलाय, आत वाफ धरलीय. ओलं फडकं ठेवतो, दहा मिनिटं गार होऊ द्या, चालू होईल.” हे निदान अक्षरशः बरोबर होते. परंतु ते ड्रायव्हरने सांगितलेले असल्यामुळे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. ट्रकमधून आरोळी उठली, “अरे, आपला माणूस आहे ना! ज्यानं गाडी बनवली त्यालाच बोलवा!”

मला ट्रकवरून अक्षरशः उतरवून घेण्यात आले. वऱ्हाडाने कडे केले. नवरदेव मुंडावळ्या वर करून आशेने पाहू लागला. बॉनेटच्या आत मी यापूर्वी कधी डोकावलेलो नव्हतो. तिथे इतक्या वस्तू असतात याचेच मला नवल वाटले, आणि त्या बसवणाऱ्या अज्ञात बांधवांविषयी मनात आदर दाटून आला. करायचे काय? माणूस संकटात आपल्या कुलदैवताकडे धाव घेतो. मी बॉनेट सोडून सावकाश गाडीला वळसा घातला, डावे मागचे दार उघडले, आणि पाहतो तो काय, हँडल सैल! एवढ्या आणीबाणीतही माझ्या अंगात बळ आले. वॉशर सरळ केला, क्लिप चाचपली, तळहात नेमका ठेवला आणि दाब दिला. ‘टक्’.

त्याच क्षणी ड्रायव्हरने फडके काढून चावी फिरवली आणि इंजिन सुरू झाले.

पुढचे काही क्षण मी खांद्यांवर होतो. ट्रकमधल्या बायकांनी हातातल्या अक्षता मुहूर्ताची वाट न पाहता माझ्यावरच टाकल्या. “बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही!” एक वृद्ध गृहस्थ सद्गदित होऊन सांगत होते, “दाराला हात लावला आणि रोग ओळखला! वैद्य नाडी बघतो ना, तसं!” पंगतीत माझे पान नवरदेवाच्या शेजारी मांडले. ड्रायव्हर मांडवाच्या टोकाला बसला होता. मठ्ठा वाढणाऱ्याला चुकवून तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही नेमकं काय केलंत?”

“हँडल बसवलं.”

“ते सैल होतं खरं,” तो विचार करून म्हणाला. “शेट कधीपासून ओरडत होते.” आणि खरोखरच्या कृतज्ञतेने त्याने माझा हात हातात घेतला.

त्याच पंगतीत मुलीच्या एका चुलतमामांनी माझे गोत्र, पगार आणि कायमपणा यांची चौकशी केली. पहिल्या दोन्ही बाबतींत मी मध्यम ठरलो आणि तिसऱ्या बाबतीत काकांचे वाक्य वापरले. तथापि गाडीचे प्रकरण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे मार्गशीर्षात माझे लग्न झाले. सासरकडून जावयाला आंदण म्हणून पेटीभर पाने आले, सगळ्या मापांचे. त्यांतला एकही माझ्या कामाचा नव्हता.

बायको हुशार होती. संक्रांतीपर्यंत तिने घरातला नळ, शेजारचा रेडिओ आणि माझा चेहरा यांचे बारकाईने निरीक्षण केले, आणि एके रात्री पोळी वाढता वाढता विचारले, “अहो, कारखान्यात तुम्ही नेमकं काय करता?”

काकांची शपथ मोडून मी सर्व सांगितले. वॉशर, क्लिप, कोन, ‘टक्’. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आणि उजव्या दाराचं?”

“ते पलीकडचा बसवतो. घाटकोपरचा आहे.”

“त्याची बायको लोकांना काय सांगते?”

“नवरा मोटारी बनवतो म्हणून सांगत असेल.”

तिने तवा उतरवला, पदराला हात पुसले आणि यावर काही भाष्य केले नाही. दुसऱ्या दिवशी मी पाळी संपवून आलो तर नळावरच्या बायका माझ्याकडे पूर्वीपेक्षाही आदराने पाहून बाजूला झाल्या. मावशींनी खुलासा केला. सकाळी पाणी भरताना आमच्या घरातून कळवण्यात आले होते की, आजवर फक्त डावी बाजू होती, पण काम पाहून साहेब खूश झाले, आणि परवापासून उजवी बाजूसुद्धा यांच्याकडेच दिली आहे.